रंग बदलणारी काच

नाशिकच्या जुन्या वाड्यांत जाड भिंती, मधला चौक आणि लाकडी झडपांच्या खिडक्या असत. ऊन वाढले की झडप लोटायची, कलले की उघडायची. किती ऊन आत घ्यायचे, हे माणसाच्या हाती होते. काचेच्या दर्शनी भिंती असलेल्या आजच्या कार्यालयांत ही सोय उरली नाही.

नाशिकचे अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. त्यामुळे २० मे आणि २३ जुलैच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो. पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्जाखालून आत शिरते. काच कायमची गडद केली, तर पावसाळ्यात भरदिवसा दिवे लावावे लागतात. मग काचेलाच झडपेसारखी उघडझाप करता आली तर?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात रसायनशाळेत झाली. १८१५ मध्ये बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला आढळले, की फिकट पिवळे टंगस्टन ऑक्साइड हायड्रोजन वायूत तापवले की रंग बदलते. १९६९ मध्ये सत्येन देब यांनी याच ऑक्साइडच्या पातळ थराचा रंग विजेच्या साहाय्याने बदलून दाखवला. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये ग्रँक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा खिडकीसाठी उपयोग करण्याचा मार्ग आखला.

या काचेची रचना आपण पाहू. काचेवर दोन पारदर्शक विद्युतवाहक थर असतात. त्यांच्यामध्ये टंगस्टन ऑक्साइड, आयन वाहून नेणारा थर आणि आयन साठवणारा थर असतो. काही व्होल्टचा दाब दिला की लिथियमचे आयन व इलेक्ट्रॉन टंगस्टन ऑक्साइडमध्ये शिरतात आणि काच निळी होते. दाब उलटा केला की ते बाहेर पडतात व काच पुन्हा स्वच्छ होते. वीज मुख्यतः रंग बदलतानाच लागते. मोठ्या काचेला त्यासाठी काही मिनिटे लागतात.

या विषयावर महाराष्ट्रातही काम झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. प्रमोद पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी तापलेल्या काचेवर द्रावण फवारून असे थर तयार केले. या पद्धतीला महागडी निर्वात यंत्रणा लागत नाही.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गडद झालेली काच ऊन शोषते आणि स्वतः तापते. म्हणून दुहेरी काचेच्या खिडकीत हा थर बाहेरच्या काचेवर देतात.

यामागचे तत्त्व वर्गात पडताळता येईल. काचेचे झाकण असलेली दोन सारखी खोकी घ्या. एकात काचेच्या आतून, दुसऱ्यावर बाहेरून थोडे अंतर राखून काळा कागद लावा. दोन्हींत तापमापक ठेवून ती अर्धा तास उन्हात ठेवा. कोणते खोके कमी तापले? विद्यार्थ्यांनी आधी अंदाज लिहावा, मग वाचन घ्यावे. वाड्याची झडप आणि ही नवी काच, दोघींचे काम एकच आहे : ऊन खोलीत शिरण्याआधी अडवणे.