ज्युसेप्पे कास्तिल्योने (लांग शिनिंग)

ज्युसेप्पे कास्तिल्योने (१९ जुलै, १६८८ – जुलै, १७६६) हे इटालियन चित्रकार व जेझुइट धर्मबंधू होते. चीनमधील छिंग राजवंशाच्या दरबारात ते लांग शिनिंग या चिनी नावाने ओळखले जात. कांग्शी, योंगझेंग आणि छ्यानलोंग या तीन सम्राटांच्या सेवेत त्यांनी सुमारे ५० वर्षे चित्रे काढली. चिनी कुंचला, चिनी रंग व रेशमी पट ही साधने स्वीकारून त्यांनी युरोपीय यथादर्शनाची त्यांच्याशी सांगड घातली. त्यांच्या चित्रांना चिनी चित्रकला म्हणावे की चिनी साधनांनी केलेली युरोपीय चित्रकला, हा वाद त्यांच्या हयातीतच निर्माण झाला होता.

जीवन

कास्तिल्योने यांचा जन्म इटलीतील मिलान येथे झाला. चित्रकलेचे शिक्षण घेतल्यानंतर १७०७ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, ते जिनोआ येथे जेझुइट संघात दाखल झाले. त्यांनी पुरोहितपदाची दीक्षा कधीच घेतली नाही; ते अखेरपर्यंत साधे धर्मबंधूच राहिले. चीनच्या दरबारासाठी कुशल चित्रकार हवा होता. त्या कामगिरीवर १७१४ मध्ये ते लिस्बनहून निघाले आणि १७१५ मध्ये मकाऊमार्गे बीजिंगला पोहोचले. त्यानंतर ते मायदेशी कधीच परतले नाहीत.

कांग्शीच्या कारकिर्दीत त्यांच्याकडे राजवाड्यातील मीनाकारीचे काम होते. १७२२ मध्ये योंगझेंग गादीवर आल्यानंतर त्यांच्या चित्रांना दरबारात मान मिळू लागला. छ्यानलोंगच्या काळात (१७३५ पासून) ते दरबारातील प्रमुख युरोपीय चित्रकार झाले.

साधने व शैली

युरोपात कास्तिल्योने तैलरंगात काम करण्यास शिकले होते. तैलरंगात चुकलेल्या जागेवर पुन्हा रंग चढवता येतो. चिनी पटावर ही सोय नसते. सरस आणि तुरटी यांचा लेप दिलेल्या रेशमावर रंग पसरत नाही. मात्र एकदा उमटलेली रेषा पुसता येत नाही. त्यामुळे आधी पूर्ण आराखडा तयार करून मगच रेशमावर काम करावे लागे. ‘शंभर घोडे’ या चित्राचा कागदावर शाईने काढलेला पूर्ण आकाराचा आराखडा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जतन केलेला आहे.

साधनांइतकाच रुचीचाही प्रश्न होता. युरोपीय व्यक्तिचित्रात चेहऱ्याची एक बाजू उजळ व दुसरी सावलीत असते. चिनी रुचीला ही सावली चेहऱ्यावरील डागासारखी वाटे. म्हणून कास्तिल्योने यांनी चेहऱ्यावर समोरून सारखा प्रकाश पडलेला दाखवला आणि गाल, नाक व पापण्या यांचा उठाव अतिशय हलक्या छटांनी साधला. वस्तूंचे घनत्व व अंतराचा भास हे मात्र त्यांनी सोडले नाही. अनेक चित्रांत घोडे व व्यक्ती ते स्वतः काढत, तर निसर्गदृश्य तांग दाइ यांच्यासारखे चिनी दरबारी चित्रकार पूर्ण करत.

प्रमुख चित्रे

• ‘शुभचिन्हांचा संग्रह’ (१७२३) : फुलदाणीतील कमळे व धान्याची कणसे यांचे चित्र. नव्या सम्राटाच्या राज्यारोहणानंतरचे शुभसूचक चित्र म्हणून ते काढले गेले.

• ‘शंभर घोडे’ (१७२८) : सुमारे पावणेआठ मीटर लांबीचा रेशमी पट. चरणारे, लोळणारे, झुंजणारे व नदी ओलांडणारे घोडे यात दिसतात. हा पट तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे.

• छ्यानलोंग, त्याची सम्राज्ञी व ११ राण्या यांच्या व्यक्तिचित्रांचा पट (आरंभ १७३६). हा अमेरिकेतील क्लीव्हलंड कला संग्रहालयात असून, त्यातील आरंभीची व्यक्तिचित्रे कास्तिल्योने यांची मानली जातात.

• ‘कझाकांची घोड्यांची भेट’ (१७५७) : पॅरिसच्या गिमे संग्रहालयातील पट.

छ्यानलोंगच्या मध्य आशियातील विजयांवरील १६ युद्धचित्रांची योजना १७६० च्या दशकात आखली गेली. कास्तिल्योने, आतिरे, झिखेलबार्ट आणि दामासेन या चौघा युरोपीय धर्मप्रचारकांनी त्यांची रेखाटने केली. ती ताम्रपट्टांवर कोरण्यासाठी पॅरिसला पाठवण्यात आली. काम पूर्ण होण्यापूर्वीच कास्तिल्योने यांचे निधन झाले.

इतर कार्य

न्यान शियाओ या चिनी उच्चाधिकाऱ्याने १७२९ मध्ये यथादर्शनावर चिनी भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. तो आंद्रेआ पोत्सो या जेझुइट चित्रकाराच्या ग्रंथावर आधारलेला होता. हे शास्त्र आपण कास्तिल्योने यांच्याकडून शिकलो, असे न्यान यांनी त्यात नमूद केले आहे. बीजिंगजवळील युआनमिंगयुआन या राजोद्यानात छ्यानलोंगने १७४७ पासून युरोपीय धाटणीचे महाल बांधून घेतले. त्यांची कल्पना कास्तिल्योने यांनी रेखाटली व कारंज्यांची यंत्रणा फ्रेंच जेझुइट मिशेल बेन्वा यांनी उभारली. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने हे राजोद्यान लुटून जाळले. महालांचे भग्न दगडी अवशेष आजही तेथे दिसतात.

धर्मकार्य व दरबार

कास्तिल्योने यांना चीनमध्ये पाठवण्यामागे ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळावा, हा हेतू होता. परंतु योंगझेंगने १७२४ मध्ये धर्मप्रचारावर बंदी घातली. बहुतेक धर्मप्रचारकांना प्रांतांतून बाहेर काढण्यात आले. दरबाराला उपयोगी असणाऱ्यांना तेवढे बीजिंगमध्ये राहू दिले गेले. त्यामुळे कास्तिल्योने यांचा कुंचला हाच त्यांच्या वास्तव्याचा परवाना ठरला.

छ्यानलोंग त्यांचे काम पाहण्यास येत असे. १७३६ मध्ये अशाच एका भेटीत त्यांनी गुडघे टेकून सम्राटाला विनंतीपत्र दिले. आपण ख्रिस्ती धर्माचा निषेध केलेला नाही, केवळ मांचू ध्वजदलांतील लोकांना तो स्वीकारण्यास मनाई केली आहे, असे सम्राटाने उत्तर दिल्याचे धर्मप्रचारकांच्या वृत्तांतात आढळते. पुढेही त्यांनी अशा विनंत्या केल्या. त्यांतून वेळोवेळी थोडी सवलत मिळाली. बंदी मात्र उठली नाही.

मूल्यमापन

चिनी विद्वत्परंपरेत चित्रकला ही सुलेखनाची भगिनी मानली जाते. रेषेचा जोर, तिची गती व तिच्यातून प्रकट होणारा चित्रकाराचा स्वभाव यांना तेथे हुबेहूबपणापेक्षा अधिक महत्त्व असते. कास्तिल्योने यांचे समकालीन दरबारी चित्रकार झोउ यीग्वी यांनी पाश्चात्त्यांचे अंतर व सावली दाखवण्याचे कौशल्य मान्य केले. परंतु त्यांच्याजवळ कुंचल्याची पद्धत नाही, म्हणून ते कारागीर ठरतात, असे मत त्यांनी मांडले. दुसऱ्या बाजूने पाहता, या चित्रांतील सावली व नाट्यमय प्रकाश इतका मर्यादित आहे की ती युरोपीय चित्रपरंपरेतही पूर्णतः बसत नाहीत.

असे असले तरी त्यांच्या हाताखाली चिनी चित्रकारांची एक पिढी तयार झाली. त्यांच्या निधनानंतर बीजिंगच्या राजवाड्यातील ज्वॉनचिनझाई या दालनात यथादर्शनावर आधारलेली भव्य चित्रे रंगवली गेली. त्यांत त्यांचे शिष्य वांग योउश्वे यांचा सहभाग होता.

मृत्यू

कास्तिल्योने यांचे जुलै १७६६ मध्ये बीजिंग येथे निधन झाले. छ्यानलोंगने त्यांना मरणोत्तर उपमंत्र्याचा दर्जा दिला आणि अंत्यविधीसाठी ३०० लियांग (चिनी वजनाचे माप) चांदी मंजूर केली. बीजिंगमधील झालान येथील जेझुइट दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.