रिकाम्या पिंपाचा प्रश्न : पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील ज्वलनशील द्रवांची साठवणूक

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले व पुढे बजाज ऑटो, टेल्को यांसारख्या कारखान्यांनी आकुर्डी-चिंचवडचे रूप पालटले. वाहननिर्मितीबरोबर रंगकाम आले आणि रंगकामाबरोबर थिनर.

साठवणुकीचे नियमन त्यापूर्वीचेच होते. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ च्या विद्यमान मजकुरानुसार २३ अंश सेल्सिअसखाली ज्वलनांक असणारे पेट्रोलियम 'अ' वर्गात मोडते. विक्रीसाठी नसलेला त्याचा ३० लिटरपर्यंतचा साठा परवान्यातून वगळलेला आहे. नेहमीच्या पिंपात सुमारे २०० लिटर द्रव मावतो. म्हणजे एका पिंपानेच ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते. मोठ्या कारखान्यात स्वतंत्र कोठी, वायुवीजन व अर्थिंग यांची व्यवस्था करता येते; चार पत्र्यांच्या शेडमध्ये पिंप यंत्राशेजारीच उभे राहते.

भरलेल्या पिंपाचा धोका निदान दिसतो. रिकामे पिंप अधिक फसवे होय. तळाशी उरलेल्या थोड्या द्रवाची वाफ हवेत मिसळते आणि गॅस कटरची ज्योत लागताच पिंपाचा स्फोट होऊ शकतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३७ ने ज्वलनशील पदार्थ असलेल्या वा पूर्वी असलेल्या भांड्यावर, तो पदार्थ व त्याची वाफ काढल्याविना, वेल्डिंग किंवा कटिंग करण्यास मनाई केली होती. तरतूद नेमकी होती, पण ती 'कारखान्या'पुरती होती. आणि मूळ व्याख्येनुसार विजेवर चालणारा कारखाना ठरण्यास दहा कामगार आवश्यक होते. कलम ८५ अन्वये राज्य शासनास लहान जागांनाही कायदा लावता येई, हे येथे नोंदविले पाहिजे.

तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी स्पार्कल कँडल बनविणाऱ्या गाळ्यातील आगीत अनेक महिला कामगार मृत्युमुखी पडल्या. तेथील पदार्थ द्रव नव्हता. मात्र धोकादायक काम परवान्याविना चालत होते. चिखली-कुदळवाडीतील भंगार शेडना वारंवार आगी लागत. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील हजारो बांधकामे पाडली. बांधकाम पाडल्याने व्यवसाय संपत नाही, तो दुसरी जागा शोधतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठीची कामगारसंख्या वीस केली. धोकादायक कामाच्या ठिकाणी एक कामगार असला तरी ती लागू करता येते. त्यासाठी शासनाची अधिसूचना लागते.