व्हायाकॉम विरुद्ध यूट्यूब

व्हायाकॉम विरुद्ध यूट्यूब हा प्रताधिकारित मनोरंजन चित्रफिती आंतरजालावर चढवण्यासंबंधीचा अमेरिकेतील गाजलेला दिवाणी खटला होय. व्हायाकॉम या माध्यमसमूहाने तो १३ मार्च, २००७ रोजी न्यूयॉर्क येथील संघीय जिल्हा न्यायालयात दाखल केला आणि यूट्यूब व तिची मालक कंपनी गूगल यांच्याकडे एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मागितली.

== वादाचा मुद्दा ==

एमटीव्ही, कॉमेडी सेंट्रल आदी आपल्या वाहिन्यांवरील कार्यक्रमांचे दीड लाखांहून अधिक तुकडे परवानगीवाचून यूट्यूबवर असल्याची व्हायाकॉमची तक्रार होती. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार, वापरकर्त्याने चढवलेल्या चित्रफितीबद्दल संकेतस्थळाला संरक्षण मिळते. मात्र उल्लंघन कळताच ती चित्रफीत तातडीने हटवावी लागते. सारा वाद या 'कळण्या'भोवती फिरला. आपल्याकडे परक्यांचा माल येतो एवढी सर्वसाधारण जाणीव पुरेशी, की नेमकी कोणती चित्रफीत हे ठाऊक असायला हवे? पहिला अर्थ घेतल्यास अशी संकेतस्थळे चालवणेच कठीण. दुसरा घेतल्यास पाळत ठेवण्याचा भार निर्मात्यावर पडतो.

फेब्रुवारी २००७ मध्ये व्हायाकॉमने सुमारे एक लाख चित्रफितींची यादी पाठवली, तेव्हा यूट्यूबने कामकाजाच्या पुढच्याच दिवशी त्यांपैकी जवळजवळ सर्व हटवल्या होत्या. प्रसिद्धीसाठी व्हायाकॉमनेच काही तुकडे गुपचूप चढवले, असा प्रतिआरोपही यूट्यूबने केला. मालकालाच आपला माल ओळखणे अवघड, तेथे त्रयस्थाने तो कसा ओळखावा, हा त्यामागील युक्तिवाद बिनतोड नसला तरी परिणामकारक होता.

== निकाल ==

न्यायाधीश लुई स्टँटन यांनी २०१० मध्ये यूट्यूबच्या बाजूने निर्णय दिला. अपील न्यायालयाने २०१२ मध्ये नेमक्या माहितीचे तत्त्व मान्य केले. पण यूट्यूबला काही चित्रफितींची तशी माहिती असू शकते आणि जाणूनबुजून केलेली डोळेझाकही माहितीसमान ठरू शकते, असे सांगून प्रकरण परत पाठवले. २०१३ मध्ये स्टँटन यांनी पुन्हा यूट्यूबला कौल दिला. मार्च २०१४ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत.

== भारतातील समांतर प्रकरण ==

सुपर कॅसेट्स (टी-सिरीज) आणि मायस्पेस यांच्यातील दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये असाच दृष्टिकोन स्वीकारला. हक्कधारकाने गाण्यांची नेमकी ठिकाणे कळवावीत आणि मायस्पेसने ती ३६ तासांत काढावीत, असा आदेश झाला.