जोगणी, हजेरी आणि ‘फकिरा’

सातारा-सांगलीच्या मातीतली लोकश्रद्धा आणि तिथलाच जातीय अन्याय यांची घट्ट सांगड अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीत दिसते. अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

कादंबरीची सुरुवात जोगणीच्या, म्हणजे जत्रेच्या मानाच्या वाटीच्या, प्रथेपासून होते. ज्या गावात जोगणी, तिथे जत्रा आणि तिथेच बरकत, अशी श्रद्धा होती. दुसऱ्या गावच्या माणसाने जोगणीची वाटी पळवून शिवेपार नेली की मान त्या गावाकडे जाई. शिवेच्या आत सापडला तर मात्र त्याचे मुंडके उडे. एकदा शीव ओलांडली की त्याला हात लावायचा नाही, हा नेम होता. वाटेगावचा राणोजी मांग शिगावची जोगणी आणतो आणि नेम मोडून त्याला मारले जाते. पुढे शिगावकर जोगणी परत न्यायला येतात, तेव्हा राणोजीचा मुलगा फकिरा बापाच्या वैऱ्याचा जीव घेत नाही. हात तोडून त्याला सोडून देतो.

गावाच्या मानासाठी मांगाने जीव द्यायचा, पण त्याने राहायचे गावकुसाबाहेर, हा या प्रथेतला अन्याय. त्यावर इंग्रजी कायद्याची भर पडली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही लागू करता आला. त्याखाली नोंद झालेल्या जमातींतील माणूस जन्मानेच गुन्हेगार ठरे. त्याला हजेरी द्यावी लागे आणि परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. कादंबरीत दुष्काळाने माणसे उपाशी मरू लागतात, तेव्हा फकिरा धान्य लुटून वाटतो. सरकारी खजिनाही तो लुटतो. शेवटी आपली माणसे इंग्रजांच्या कैदेत पडल्यावर त्यांच्यासाठी तो स्वतः हजर होतो.

‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. अण्णाभाऊंनी ती डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. प्रस्तावना सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची आहे. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.  ‘फकिरा’तली प्रथाही खरी आणि कायदाही खरा.

गुन्हेगार जमाती कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्यानंतर सातच वर्षांनी आलेल्या या कादंबरीने, सरकारदप्तरी दरोडेखोर ठरलेल्या समाजातील माणसाला मराठी साहित्यात नायकाचे स्थान दिले.