प्रयोगशाळेची सनद

जंतुप्रयोगशाळेतील सुरक्षेचा बंदोबस्त पाहणाऱ्या इसमाने त्या कामाची रीतसर परीक्षा देऊन सनद मिळवावी, ही कल्पना आज कोणास नवलाची वाटत नसली, तरी तिचे वय शंभर वर्षांचेही नाही. आणि प्रयोगशाळा इतक्या जुन्या असताना ही परीक्षा एवढ्या उशिरा का जन्मास आली, याचा शोध घेऊ गेल्यास वाट अनपेक्षितपणे मुंबईच्या मांडवी भागात येऊन पोहोचते.

१८९६ च्या सप्टेंबरात त्या दाट वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले, आणि पुढच्याच महिन्यात सरकारच्या बोलावण्यावरून जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, तिला लागून असलेला व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामावर त्यांनी प्लेगच्या जंतूंची पैदास करून लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्यांच्या या धैर्याचा आपण गौरव करतो तो यथार्थच होय. परंतु त्या गौरवाच्या भरात एक गोष्ट नजरेआड होते, ती ही की, त्या काळी प्रयोगशाळेच्या सुरक्षेला संशोधकाची शिस्त आणि प्रसंगी त्याचे प्राण याखेरीज दुसरे फारसे तारण नव्हते.

त्याच वर्षाच्या आरंभी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने धाडलेले वैद्यांचे मंडळ मुंबईत येऊन आर्थर रोडच्या इस्पितळात प्लेगचा अभ्यास करून गेले, आणि परतताना जंतूंचे नमुने सोबत घेऊन गेले. पुढील वर्षीच्या ऑक्टोबरात व्हिएन्नातील प्रयोगशाळेचा सेवक फ्रान्झ बारिश त्या जंतूंच्या संसर्गाने दगावला. त्याच्यावर उपचार करणारे, मुंबईस येऊन गेलेल्या मंडळापैकीच असलेले डॉ. हेर्मान म्युलर त्याच्यामागोमाग काही दिवसांतच गेले. आणि बारिशची शुश्रूषा करणारी परिचारिका अल्बर्टिना पेखा हिचाही अंत झाला. आपणांस काय झाले आहे हे ओळखताच म्युलर यांनी स्वतःला कोंडून घेतले, व इतरांना जवळ येऊ दिले नाही. शहरात हाहाकार उडाला, आणि दोषाचा रोख कधी बारिशच्या मद्यपानाकडे तर कधी प्राध्यापकांच्या बेपर्वाईकडे वळत राहिला.

चार वर्षांनी हाच प्रसंग वेगळ्या रूपाने आपल्याकडे ओढवला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. पैकी ज्या १९ जणांना ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतील लस मिळाली होती, ते सर्व धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. बाटली मुंबईत परळ येथील हाफकिनांच्या प्रयोगशाळेत भरलेली होती, आणि लसीत कार्बोलिक ॲसिड घालण्याची जुनी रीत सोडून उष्णतेवर भिस्त ठेवणारी नवी रीत तेथे नुकतीच सुरू झालेली होती. मुंबईच्या मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी मंडळाने संसर्ग परळासच झाला असा निर्वाळा दिला, आणि हाफकिन पदावरून दूर झाले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मलकोवालात सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता व यथायोग्य निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता, या हकीकतीला तिचे खरे वजन प्राप्त होण्यास १९०७ साल उजाडावे लागले; त्या जुलैत रोनाल्ड रॉस प्रभृती दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात हाफकिनांची बाजू मांडली, तेव्हा कोठे सरकारने त्यांना दोषमुक्त करून पुन्हा नोकरीत घेतले.

व्हिएन्ना काय किंवा मलकोवाल काय, दोन्ही ठिकाणी वाद पेटला तो मुख्यतः एकाच प्रश्नावर: अपराधी कोण? सेवक की प्राध्यापक, परळ की मलकोवाल? ज्या न्यायबुद्धीने हा प्रश्न विचारला जातो ती आदरणीय खरी. परंतु अपराधी सापडल्याने चिमटा जमिनीवर पडावयाचा थांबत नाही, आणि जोवर सुरक्षा हा माणसाच्या स्वभावाचा गुण मानला जातो तोवर तिचे शास्त्र होत नाही, आणि ज्याचे शास्त्र नाही त्याची परीक्षा तरी कोणी कशी घ्यावी?

हे शास्त्र ज्या ठिकाणी आकारास आले ते ठिकाण मात्र काही पुण्यक्षेत्र नव्हे. १९४३ मध्ये अमेरिकेने कॅम्प डेट्रिक येथे जंतुयुद्धाच्या सिद्धतेसाठी प्रयोगशाळा उभारली, आणि अतिघातक जंतूंशी नित्य व्यवहार करणाऱ्या त्या तळावर सुरक्षेचा कारभार आर्नोल्ड वेडम यांच्याकडे सोपविण्यात आला. वेडम आणि त्यांचे सहकारी यांनी अपराध्याचा शोध बाजूस ठेवून क्रियेचा शोध घेतला: पिपेटमधील शेवटचा थेंब फुंकून काढताना, सुईतून द्रव सोडताना, बाटलीचे झाकण उघडताना किती सूक्ष्म तुषार हवेत उडतात, याचे त्यांनी मापन केले. १९५१ मध्ये सल्किन व पाइक या संशोधकांनी सुमारे ५,००० प्रयोगशाळांकडे विचारणा करून १,३४२ संसर्गांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात नोंदलेल्या अपघाताशी संबंध जोडता येईल अशी प्रकरणे केवळ १६ टक्के निघाली. उरलेल्यांत काही सांडल्याचा, फुटल्याचा वा कोणी चुकल्याचा दाखला नव्हता; म्हणजेच धोका प्रमादात जितका होता त्याहून अधिक तो निर्दोष समजल्या जाणाऱ्या नित्यकर्मात दडलेला होता. तेव्हापासून तोंडाने पिपेट ओढण्याची सार्वत्रिक वहिवाट संशयास्पद ठरू लागली, आणि ‘सांभाळून काम करा’ या उपदेशाची जागा हवा आत ओढून गाळणाऱ्या बंदिस्त कपाटांनी घेतली.

१९५५ च्या एप्रिलात डेट्रिक येथे लष्कराच्या तीन तळांचे चौदा प्रतिनिधी या ज्ञानाच्या देवाणघेवाणीसाठी जमले. पुढे या परिषदांतूनच १९८४ मध्ये अमेरिकन जैवसुरक्षा संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी जंतुप्रयोगशाळांच्या चार सुरक्षास्तरांचा तपशील देणारा सरकारी ग्रंथही निघाला. परीक्षा व सनद ही या वाटचालीची स्वाभाविक परिणती होय. आपल्याकडे पर्यावरण कायद्याखाली १९८९ साली झालेल्या नियमांनी संस्थांना जैवसुरक्षा समित्या नेमणे भाग पाडले, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत चौथ्या स्तराची प्रयोगशाळाही उभी राहिली.

या परीक्षेची तयारी करणारा उमेदवार स्तरांची लक्षणे, कपाटांचे वर्ग, निर्जंतुकीकरणाचे तापमान व अवधी यांचे पाठांतर करतो, आणि ते त्याने करावेच. परंतु प्रत्येक नियम कोणत्या क्रियेला आवर घालण्यासाठी जन्मास आला हे ज्याने जाणले नाही, त्याच्या हाती सनद पडली तरी अधिकार पडत नाही. कारण प्रत्यक्ष कामावर त्याला आपल्याहून ज्येष्ठ अशा संशोधकाचा हात थांबवावा लागतो, आणि तेथे नियमाचा क्रमांक सांगून भागत नाही, कारण सांगावे लागते. म्युलर यांचा आत्मत्याग अभ्यासक्रमात बसविता येत नाही, आणि बसवूही नये. तसा त्याग करण्याची वेळ कोणावर येऊ न देणे, एवढाच या सनदेचा हेतू आहे.