वाटाण्याचं रोप, सावकार आणि तीन रुपयांचा गल्ला: फाळक्यांचा प्रेक्षक कोण होता?

हा भाग ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हा त्याचा लेखी मजकूर. बसमध्ये, ट्रेनमध्ये, जमेल तिथे वाचा.

मागच्या वर्षी मी आठ मिनिटांची एक शॉर्टफिल्म केली. डबे करून देणाऱ्या बाईंची गोष्ट. एका फेस्टिव्हलला पाठवताना फॉर्ममध्ये रकाना आला, 'तुमचा प्रेक्षक कोण?' मी बिनधास्त लिहिलं, 'सगळे'. फिल्म परत आली. राग आला, तो महिनाभर टिकला. मग वाटलं, आपल्याकडे जे पहिल्यांदा फिल्म करत होते, त्यांना हा प्रश्न पडला होता का? शोधत गेलो आणि अडकलो तो थेट दादासाहेब फाळक्यांपाशी.

पण त्याआधी दोन मिनिटं मागे जाऊ.

7 जुलै 1896. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. त्या काळी रुपया म्हणजे चैन. आठवड्याभरात हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले, आणि तिथे तिकिटं चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लावली. पडदा पाळणाऱ्या घरातल्या बायकांसाठी वेगळे बॉक्ससुद्धा राखले. फिल्म त्याच, अगदी छोट्या छोट्या. बदललं ते एवढंच, की दारातून कोण आत येऊ शकतो याचा कोणीतरी विचार केला होता.

मग आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. फोटोग्राफीचा धंदा करणारा माणूस, लंडनहून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये त्यांनी काय शूट केलं? हँगिंग गार्डनमधली कुस्ती. 1901 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत अव्वल आलेले रँग्लर परांजपे मायदेशी परतले, तर त्यांचं स्वागत शूट केलं. कुस्तीचा शौकीन वेगळा, रँग्लरचं कौतुक असलेला शिकलेला वर्ग वेगळा. दोघांनाही हलतं चित्र म्हणजे काय हे समजावत बसायची गरज नव्हती. जे बघायला त्यांनी तशीही गर्दी केली असती, तेच पडद्यावर होतं.

आता फाळके.

1911 मध्ये गिरगावातल्या एका थिएटरात त्यांनी येशूच्या आयुष्यावरची फिल्म पाहिली. बरोबर पत्नी सरस्वतीबाई होत्या. पडद्यावर येशू, आणि फाळक्यांच्या डोक्यात राम-कृष्ण. हे त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकात लिहिलं आहे. इथे पहिला प्रेक्षक कोण, तर ते स्वतः. 1912 च्या सुरुवातीला विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कॅमेरा आला, पण पूर्ण लांबीची फिल्म करायला पैसे कुठून आणायचे?

इथे येते माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात हुशार शॉर्टफिल्म. 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, रोज थोडं थोडं शूटिंग. असं महिनाभराहून जास्त. जेमतेम मिनिटभराची फिल्म! बी फुटतं, अंकुर वर येतो, रोप होतं, सगळं डोळ्यांदेखत. ना गोष्ट, ना देव, ना नटी. तिकीट लावून दाखवायला ती केलीच नव्हती. ज्यांच्याकडे पैसे होते अशा मोजक्या लोकांना फाळक्यांनी ती दाखवली, आणि यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले.

विचार करा, पैसे देणाऱ्याच्या मनात शंका काय असेल? 'या माणसाला हे यंत्र खरंच चालवता येतं का?' फिल्मने तेवढ्याच शंकेचं उत्तर दिलं. त्याला हरिश्चंद्राचा अर्धवट सीन दाखवला असता तर तो म्हणाला असता, याहून नाटक बरं.

3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. आपण शाळेत एवढंच पाठ करतो. पण त्या खेळाबरोबर काय काय होतं माहितीये? मिस आयरीन डेल मार यांचा नाच, विनोदी प्रवेश, पायांनी कसरत करणारा जगलर! आज आपल्याला हे विचित्र वाटतं. पण तेव्हाच्या मुंबईकराला नुसती फिल्म बघायला जायची सवयच नव्हती. त्याला संध्याकाळ भरून करमणूक हवी असायची. आणि गोष्ट निवडली ती अशी, की पडद्यावरच्या पाट्या वाचता येत नसल्या तरी हरिश्चंद्र, तारामती, विश्वामित्र कोण हे पोराटोरांनाही ठाऊक.

मग सुरत. इथे मला खरी मजा आली. असं सांगतात, की तिथे पहिल्या दिवशी गल्ला जमला तीन रुपये. फक्त तीन! थिएटरवाला म्हणाला, अहो, इथले लोक दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघतात, तुम्ही तीन आणे घेऊन तासाभरात घरी पाठवता. यावर फाळक्यांनी फिल्म लांबवली नाही आणि तिकीटही उतरवलं नाही. त्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि तेही तीन आण्यांत! गल्ला तीनशेवर गेला म्हणतात.

मी जरा हिशेब करून पाहिला. 35 मिलिमीटरच्या रिळात फुटाला सोळा चौकटी बसतात. सत्तावन्न हजार भागिले सोळा, म्हणजे साधारण साडेतीन हजार फूट. मैल असतो 5,280 फुटांचा. म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही! दादासाहेबांनी दोन मैल सरळ फेकले होते. पण सुरतेचा माणूस पैशाच्या बदल्यात माल किती हे मोजतो, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. मुंबईत हीच जाहिरात चालली असती का, मला शंका आहे.

फाळके पुढेही छोट्या फिल्म करत राहिले. 'मोहिनी भस्मासुर'बरोबर 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी फिल्म जोडली. नंतर 'चित्रपट कसे तयार करतात' ही काढली. ती खास ज्यांना पडद्यामागे डोकावायचं होतं त्यांच्यासाठी. आजच्या भाषेत मेकिंग व्हिडिओच की!

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझी फाइल पुन्हा उघडली. या वेळी फेस्टिव्हल वगैरे राहू दिलं. आमच्या भागात डबे करणाऱ्या दोन काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. रात्री साडेदहाला एकीचा व्हॉइस मेसेज आला, "बाळा, छान झालंय हं. पण तिसाव्या डब्यापर्यंत परातीत एवढीशीच कणीक कशी राहील? आणि दुपारी चारला ती बाई निवांत बसलेली दाखवलीयेस. चारला आमची संध्याकाळची भाजी चिरून व्हायची असते रे."

चार वाजताचा तो सीन मला सगळ्यात जास्त आवडायचा. खिडकीतून ऊन येतंय, चहाचा कप, मागे सतार. रविवारी परत शूट करायला जातोय. या वेळी त्यांच्याच स्वयंपाकघरात.