मेदाँची वाट : एक दिवसाची भेट आणि वाङ्मयेतिहासातील मिथक

वाङ्मयीन संप्रदायाला जसा जाहीरनामा लागतो, तसे जन्मस्थळही लागते. फ्रेंच निसर्गवादाला ते मेदाँ या खेड्यात मिळाले. एप्रिल १८८० मध्ये ‘मेदाँच्या संध्याकाळी’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात एमिल झोला, मोपासाँ, उइस्माँस, सेआर, एनिक आणि अलेक्सी या सहा लेखकांच्या प्रत्येकी एक अशा सहा कथा होत्या आणि त्या सर्व १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धासंबंधी होत्या. यांपैकी एकही कथा मेदाँत घडत नाही. तरीही पुढील वाङ्मयेतिहासाने या लेखकांना ‘मेदाँ-गट’ हेच नाव दिले. शहरातील माणसे एका मित्राकडे दिवसभरासाठी जातात आणि त्या जाण्यातून एका संप्रदायाचे गोत्र ठरते, हे कसे घडले, हा येथे प्रश्न आहे.

या नावामागील कथा मोपासाँने स्वतःच सांगितली. १७ एप्रिल १८८० रोजी ‘ल गोल्वा’ या पॅरिसच्या दैनिकात त्याने संग्रहाची जन्मकथा लिहिली. तीनुसार मित्रमंडळी उन्हाळ्यात झोलाच्या घरी जमली; दिवस मासेमारीत आणि नौकाविहारात गेले; चांदण्या रात्री यजमानाने पहिली कथा सांगितली व नंतर एकेका रात्री एकेकाने आपली कथा जोडली. ही रचना कोठून आली, हे ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही. १३४८ च्या प्लेगमधून निसटून फ्लॉरेन्सबाहेरच्या वाडीत परस्परांना कथा सांगणारी बोकाच्चोची दहा तरुण माणसे येथे नव्या वेषात अवतरली आहेत.

कागदपत्रांपुढे मात्र ही कथा टिकत नाही. झोलाची कथा १८७७ मध्येच सेंट पीटर्सबर्गच्या एका मासिकात रशियन भाषांतराच्या रूपाने आली होती. उइस्माँसची कथा त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये छापली गेली होती. सेआरची कथाही १८७९ मध्ये रशियन नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. म्हणजे चांदण्यात ‘सुचलेल्या’ सहांपैकी तीन कथा आधीच मुद्रित होत्या. संग्रहासाठी आधी युद्धाची टर उडवणारे एक शीर्षक विचारात होते. ते बाजूला ठेवून झोलाच्या घराला अभिवादन म्हणून हे नाव स्वीकारण्यात आले. गटाची पहिली जाहीर ओळख तर १६ एप्रिल १८७७ रोजी पॅरिसमध्येच झाली होती. त्या दिवशी या तरुणांनी फ्लोबेर, गोंकूर आणि झोला यांना भोजन दिले, ते सँ-लाझार स्थानकाजवळच्या एका भोजनगृहात. मेदाँची वाट त्याच स्थानकातून सुटत होती, हा योगायोग अर्थपूर्ण मानावा लागेल.

प्रत्यक्षातील ही वाट लोखंडी होती. पॅरिस-रूआँ लोहमार्ग १८४३ मध्ये व त्यापुढील ल आव्रपर्यंतचा टप्पा १८४७ मध्ये सुरू झाला. या मार्गाने पॅरिसच्या पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटर गेले की सेन नदीकाठचे मेदाँ लागते. रूळ झोलाच्या बागेच्या पायथ्याशी होते. ज्या आगगाड्या पुढे ‘ला बेत ह्यूमेन’ (१८९०) या कादंबरीत धावल्या, त्या त्याच्या घरासमोरूनच जात होत्या. पाहुण्यांचे स्वरूपही ध्यानात घेतले पाहिजे. मोपासाँ, उइस्माँस आणि सेआर हे तिघेही सरकारी खात्यांतील कारकून होते. त्यांचे खेडे रविवारपुरते होते. त्याची लांबी-रुंदी कचेरीच्या हजेरीपटाने आखून दिलेली होती. मोपासाँच्या कथेतील अखंड, निर्वेध रात्री या नोकरदारांच्या आठवड्यात बसणे कठीण आहे. सोमवार उजाडण्याआधी परतणे हा त्यांच्या सहलीचा मूळ नियम.

यजमानाचे घरही शहरातूनच उभे राहिले होते. ‘लासोम्वार’ (१८७७) या पॅरिसच्या श्रमिक वस्तीवरील कादंबरीच्या उत्पन्नातून झोलाने १८७८ मध्ये नऊ हजार फ्रँकना ते लहानसे घर घेतले. पुढे त्याच्या दोन्ही बाजूंना मनोरे चढले. त्यांची नावे ‘नाना’ आणि ‘जर्मिनाल’! मोपासाँने नदीतून वल्हवत आणून दिलेल्या होडीचे नावही ‘नाना’च. कलालाच्या गुत्त्यात उद्ध्वस्त होणारी धोबीण, रंगभूमीवरील वारांगना आणि कोळशाच्या खाणीतील संपकरी यांच्या कहाण्या विकून ही हिरवी निवांतता विकत घेतली गेली होती. यात झोलाचा दोष काढण्याचे कारण नाही. घामाच्या पैशाने लेखकाने घर बांधावे, यात गैर ते काय? परंतु नागर आणि अनागर ही दोन वेगळी विश्वे आहेत, हा भ्रम त्या मनोऱ्यांच्या नावांपुढे टिकत नाही.

मग या मिथकाची गरज कोणती होती? निरीक्षण, टिपण आणि दस्तऐवज यांवर निष्ठा असल्याचे सांगणाऱ्या संप्रदायाने स्वतःची जन्मकथा मात्र अद्भुतरम्य शैलीत लिहावी, ही विसंगती वरवरची नाही. संग्रह हा प्रकाशकाच्या हिशेबाचा आणि वृत्तपत्रीय गाजावाजाचा व्यवहार होता. खेड्यातील चांदण्याने त्या व्यवहारावर मैत्रीचे आवरण घातले. बाजारात जन्मलेल्या कृतीला बाजाराबाहेरचे मूळ मिळाले. याची जाणीव मोपासाँला नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. काही आठवड्यांतच त्याच दैनिकातून त्याची पॅरिसकर मध्यमवर्गीयाच्या रविवारांवरील मालिका सुरू झाली. तिच्यातील पातिसो हा कारकून भटकता भटकता मेदाँला झोलाच्या दारीही पोहोचतो. तीर्थमाहात्म्य लिहिणाऱ्याच लेखणीने यात्रेकरूचे व्यंगचित्र काढले. वाङ्मयेतिहासाने माहात्म्य जपले आणि व्यंगचित्राकडे दुर्लक्ष केले.

हा केवळ चरित्रात्मक तपशिलाचा प्रश्न नाही. येथे ज्ञानाचा प्रश्न गुंतलेला आहे. १८८६ च्या मे महिन्यात झोला ‘ला तेर’ (१८८७) या शेतकरी जीवनावरील कादंबरीसाठी बोस प्रदेशात काही दिवस हिंडला आणि टिपणे घेऊन परतला. आजवरचा यजमान तेथे स्वतः पाहुणा होता. मराठीत १९७० नंतरच्या ग्रामीण साहित्याच्या चर्चेने ‘शहरी पाहुण्याची नजर’ अशाच प्रसंगी संशयास्पद ठरवली. तो संशय रास्त आहे, पण अपुरा आहे. नजर बाहेरची असणे हा तिचा दोष नव्हे. आपण परतीच्या गाडीने जाणार आहोत हे तिने संहितेतून पुसून टाकणे, हा दोष होय. ‘बूल द स्वीफ’ या संग्रहातील मोपासाँच्या कथेत रूआँहून निघालेले प्रतिष्ठित प्रवासी सहप्रवासिनीचे अन्न खातात, तिला स्वतःच्या सुटकेसाठी वापरतात आणि पुन्हा गाडीत बसतात. प्रवाशाचे परतणे तेथे लपवलेले नाही, म्हणूनच ती कथा टिकली.

झोलाच्या मृत्यूनंतर (१९०२) त्याच्या पत्नीने ते घर बालकांच्या संगोपनासाठी सार्वजनिक संस्थेला दिले. १९०३ पासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तेथे वाचक-अभ्यासकांची यात्रा भरत आली आहे. म्हणजे पुन्हा रविवार, आणि बाहेरून येऊन परत जाणारी माणसे. कथा तेथे जन्मल्या नाहीत, तरी माणसे तेथे येत होती, जेवत होती, बोलत होती, हे सत्य उरतेच. ती मैत्री खरी होती. तिचे चांदणे मात्र वृत्तपत्री होते. या दोहोंना वेगळे करणे आणि भेटीला भेट म्हणूनच लिहिणे, एवढे वाङ्मयेतिहासकाराला करता आले तरी पुष्कळ झाले.